मधुमेह आणि आपला झाडपाला
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे आरंभीच सांगतो. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायली वाचण्यात आयुष्य घालविलेला मी एक कला शाखेचा पदवीधर असून, गेली बारा वर्षे मधुमेह माझ्या सोबतीला आहे. आपल्या मंडळात हळदीकुंकू असो की कोजागरी, चार माणसे जमली की कोणी मेथीचे पाणी सुचवितो, कोणी कारल्याचा रस, तर कोणी गावाहून आलेले चूर्ण. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आहे. तेव्हा हा विषय घरोघरचाच म्हणावयाचा.

आपल्या पूर्वसूरींना हा रोग अपरिचित नव्हता. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि मधुमेह त्यांत गणला. सुश्रुताने निर्धन रुग्णाला सांगितलेला उपाय तर मोठा मार्मिक आहे : पादत्राण आणि छत्री न घेता, गावोगावी भिक्षा मागत शंभर योजने चालावे! म्हणजे ज्या ग्रंथांच्या नावाने आज चूर्णे विकली जातात, त्याच ग्रंथांनी चालण्याला केवढे महत्त्व दिले होते पाहा.

झाडपाला आणि आधुनिक गोळी यांचे वैर आहे, असे समजण्याचेही कारण नाही. आपल्यापैकी अनेक जण घेत असलेल्या मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा या युरोपातील वनस्पतीत आहे. तिच्यातील द्रव्य रक्तातील साखर उतरवते, पण ते विषारी ठरले. त्याच कुळातील मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. वनस्पतीपासून औषधापर्यंतची ही वाट मात्रा ठरविणे, गुण मोजणे आणि दोष नोंदविणे या तीन पायऱ्यांनी चढावी लागली. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, घरच्या वनस्पतीला आपण औषध म्हणत असू, तर तिलाही हेच नियम लावले पाहिजेत.

प्रथम मेथी घेऊ. तिच्या दाण्यातील विद्राव्य तंतू आतड्यात बुळबुळीत होतात आणि त्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर प्रयोग झाले, त्यांत रोजचे प्रमाण २५ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक होते. आपण चमचाभर दाणे भिजवून पाणी पितो आणि दाणे फेकून देतो, तेव्हा तंतू त्या दाण्यांबरोबरच जातात.

या प्रांतात ज्याला गुडमार म्हणतात, ती आपल्याकडची कावळी. तिचे पान चघळले की काही वेळ साखर जिभेला मातीसारखी लागते. हा चमत्कार खरा, पण तो जिभेवरचा. रक्तातील साखर त्याने किती उतरते, याचे पुरावे अद्याप थोडे आहेत. कारल्याविषयीच्या प्रयोगांचा २०१२ साली आढावा घेण्यात आला, तेव्हा निश्चित निष्कर्ष काढण्याइतका पुरावा आढळला नाही. विजयसार म्हणजे आपला बिबळा. त्याच्या लाकडाच्या पेल्यातील पाणी रात्रीतून रंग धरते. अनुसंधान परिषदेने नव्याने मधुमेह जडलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि निष्कर्ष आशादायक आले. पण चाचणी खुली होती. रंगीत पेला घेऊन जुना मधुमेही निश्चिंत झाला, तर तो त्या चाचणीचा अर्थ नव्हे.

आता धोक्याची बाजू. साखर उतरविणाऱ्या काही गोळ्यांबरोबर ही द्रव्ये घेतली, तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. बिनलेबलाच्या काही चूर्णांत ॲलोपॅथीच्या गोळ्यांची भुकटी किंवा शिसे सापडल्याचे तपासण्यांतून उघड झाले आहे. सकाळच्या रसात दुधी भोपळा घालणाऱ्यांनी तर तो आधी चाखून पाहावा. कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो. त्याविषयी अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही इशारा दिला आहे.

माझ्या एका सहकाऱ्याने बदलीच्या गावी कोणा परिचिताच्या शब्दावर गोळ्या सोडल्या आणि सहा महिने केवळ चूर्ण घेतले. त्या काळात त्याने साखर एकदाही तपासली नाही. पायाच्या अंगठ्याला झालेली साधी जखम चिघळली आणि अंगठा गमवावा लागला. दोष चूर्णाचा किती, हे मी सांगू शकत नाही. सहा महिन्यांत एकही नोंद नव्हती, हे मात्र सांगू शकतो.

म्हणून चार गोष्टी सुचवितो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी सोडू नये. आणि ज्या मुलाला वा प्रौढाला इन्शुलिनवाचून जगणे शक्य नाही, त्याचे इन्शुलिन तर कोणत्याही पाल्यासाठी थांबवू नये. एका वेळी एकच वनस्पती घ्यावी. तिची मात्रा, तारीख आणि साखरेचा आकडा वहीत लिहावा. दर तीन महिन्यांनी ग्लायकेटेड हिमोग्लोबिनची तपासणी करावी, म्हणजे उपयोग झाला की नाही हे अंदाजावर राहणार नाही. आणि बदली झाली की नव्या डॉक्टरांपुढे ती वही ठेवावी. काढा, चूर्ण, रस काहीही लपवू नये. गर्भवती भगिनी, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे यांनी तर आधी विचारावे, मगच घ्यावे.

आणखी एक. 'सकाळी मेथी घेतली आहे, आता एक पुरणपोळी चालेल,' हा हिशेब आपण सर्वांनी सोडून द्यावा. मेथी ही पुरणपोळीची परवानगी नव्हे.

गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या माणसांना आजीच्या बटव्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. तो बटवा अवश्य जपावा. फक्त त्याच्या शेजारी एक वही असावी, इतकीच विनंती.