बिडाचे भांडे



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी संतवाङ्मयावर ऐकता, राज्यघटनेवर ऐकता, विज्ञानावर ऐकता. अशा ठिकाणी कामगार संघटनेचा एक माणूस स्वयंपाकाच्या भांड्यावर बोलायला उभा राहतो, याचे काहींना नवल वाटले असेल. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, संप, नवे कायदे अशी काही तरी असावी. मी म्हणालो, "बिडाचे भांडे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण शेवटी कामगारांवर येणारच ना?" मी म्हटले, "येणार. पण चुलीवरून येणार."

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण ओतशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. हाताखालून गेलेली गोष्ट तेवढी सांगतो.

प्रथम बीड म्हणजे काय ते पाहू. लोखंडात शंभर भागांस तीन-साडेतीन भाग कार्बन मिसळला की त्याचे बीड होते. शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. बीड ११५० ते १२०० अंशांच्या आसपास पाणी होते. म्हणून ते साच्यात ओतता येते. पण या कार्बनचे ग्राफाइट होऊन त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या धातूत पसरतात आणि त्यामुळे बीड ठिसूळ होते. पोलाद वाकते, बीड वाकत नाही. ते एकदम तडकते. बिडाचा हा स्वभाव ज्याने ओळखला, त्याने त्या भांड्याची निम्मी निगा ओळखली.

चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी बीड ओतत असत. इंग्लंडमधली एक हकीकत मात्र मला फार महत्त्वाची वाटते. अब्राहम डार्बी या पितळेच्या धंद्यातल्या माणसाने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी हंडे ओतण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. हेतू साधा होता : भांडी स्वस्त पडावीत. पितळेचे भांडे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्याकडे हे हंडे जाणार होते. पुढे १७०९ साली कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळले. पूल, इंजिने, रूळ ही सारी त्यानंतरची. औद्योगिक क्रांतीचा इतिहास लिहिताना वाफेच्या यंत्राचे चित्र छापतात. माझे म्हणणे असे की, शेजारी गरिबाच्या चुलीवरचा हंडाही छापावा.

आपल्याकडे बिडाचा तवा, कढई, आप्प्यांचे पात्र ही जुनी ओळखीची मंडळी. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत ओतशाळा वाढल्या त्या मुख्यतः इंजिने, पंप आणि मोटारींच्या सुट्या भागांवर. आमच्या घरी मात्र बिडाचे एक झाकणाचे पातेले होते. माझे वडील, आबा, मोल्डर होते. एका दिवाळीच्या आधी धन्याची परवानगी घेऊन, भट्टीच्या शेवटच्या उरलेल्या धातूतून त्यांनी ते ओतले होते. फर्मा म्हणून शेजारणीचे पितळी पातेले वापरले होते. त्यामुळे आमच्या पातेल्याच्या काठावर तिच्या पातेल्याचा पोचाही उतरला होता. ती गमतीने म्हणे, "माझा पोचा मला परत द्या."

या पातेल्यात आई काय करी? वालाची उसळ, भरली वांगी, आणि पैसे असतील त्या रविवारी मटण. बीड उष्णता धावत नेत नाही. ॲल्युमिनियमच्या मानाने ते सुमारे चौथ्या हिश्श्यानेच उष्णता वाहते. म्हणून मोठ्या जाळावर ठेवले तर मध्ये करपते आणि कडेला कच्चे राहते. मंद आचेवर दहा मिनिटे आधी तापू द्यावे. पण एकदा तापले की त्याच्या वजनामुळे ते उष्णता धरून ठेवते. मटण घातल्याबरोबर पातळ भांडे थंड पडते आणि मटणाला पाणी सुटते. बिडात ते परतले जाते, लाल होते. मग कांदा, मसाला, थोडे आधणाचे पाणी, आणि वर ते जड झाकण. वाफ बाहेर जात नाही. झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि पुन्हा खाली टपकते. आपल्या बायका झाकणावर ताटात पाणी ठेवतात, ते याचसाठी. वरचे पाणी झाकण गार ठेवते आणि आतली वाफ लवकर परत येते. फ्रान्समध्ये तर झाकणच वरून खोलगट करून त्यात थंड पाणी घालण्याची सोय असलेली बिडाची भांडी निघाली. आमच्या आईला फ्रान्स ठाऊक नव्हता आणि फ्रान्सला आमची आई. पण वाफ दोघांनाही तेच शिकवून गेली.

आता निगेकडे वळतो. नवे बिडाचे भांडे आणले की कोमट पाण्याने व साबणाने घासावे, लगेच पुसावे, आणि विस्तवावर धरून पूर्ण कोरडे करावे. मग आतून-बाहेरून तेलाचा हात द्यावा आणि पुन्हा फडक्याने पुसून काढावा. इतका की, तेल लावले होते की नाही अशी शंका यावी. चूक होते ती इथेच. माणसे तेल चोपडतात आणि भांडे चिकट होते. पुसल्यावर ते पालथे घालून भट्टीत तासभर चांगले तापवावे. भट्टी नसेल तर आचेवर फिरवत धूर येईपर्यंत तापवावे. असे तीन-चार वेळा केले की तेलाचे रूपांतर होऊन एक काळा, कठीण थर बसतो. याला कोणी तवा मुरवणे म्हणतात. तेल कोणते? हवेने आणि उष्णतेने जे सुकते ते. जवसाचे सुकते, आपल्या दख्खनचे करडईचे सुकते. खोबरेलाचा मात्र तसा थर बसत नाही.

रोजचे काम याहून सोपे आहे. भांडे कोमट असतानाच काथ्याने घासावे. थोडा साबण चालतो. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे चालत नाही. धुतले की आचेवर सुकवावे आणि तेलाचे बोट फिरवावे. एवढे मिनिट-दोन मिनिटांचे काम रोज केले तर भांडे नातवापर्यंत जाते. गंज चढला तर घाबरू नये. चिंच लावून घासावे, गंज निघून जातो; मग पुन्हा पहिल्यापासून मुरवावे. आमसुलाचे सार किंवा टोमॅटोचा रस्सा त्यात रात्रभर ठेवू नये. आंबटाने थर सुटतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

हल्ली दुकानांत काचेचा रंगीत मुलामा दिलेली बिडाची भांडी दिसतात. फ्रान्समधील ल क्रूझे हा कारखाना १९२५ साली एक ओतकाम जाणणारा आणि एक मुलामा जाणणारा अशा दोघांनी मिळून काढला. काचेची भुकटी बिडावर सुमारे ८०० अंशांत भाजून वितळवतात. त्या भांड्याला मुरवावे लागत नाही, आंबटाचे भय नाही. पण काच ती काच. रिकामे तापवू नये, लाकडी उलथने वापरावे, तारेचा घासणा लावू नये. करपले तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजत ठेवावे.

काही भगिनी विचारतात, "बिडात भाजी काळी पडते, ती खावी का?" किर्लोस्करवाडीस १९१० पासून लोखंडी नांगर होऊ लागले, त्या काळात लोखंडाने जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांनी काढली होती. ही शंका तिचीच बहीण. वांगे, कच्चे केळे यांत तुरट द्रव्य असते. लोखंडाशी गाठ पडली की ते काळे होते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई अशीच होत असे. हे विष नव्हे. उलट, अन्नात थोडे लोह उतरते, आंबट पदार्थात अधिक. इथिओपियात लहान मुलांवर एक प्रयोग झाला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना ॲल्युमिनियमची. वर्षभरानंतर लोखंडी भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांचे रक्त अधिक सुधारलेले आढळले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आपल्या देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भांडे हे औषध नव्हे, डॉक्टरांच्या गोळ्यांना पर्याय नव्हे. मुलामा दिलेल्या भांड्यातून तर हे लोह मिळतही नाही. आणि थॅलेसेमियासारख्या आजारात ज्यांना लोह वर्ज्य आहे, त्यांनी आधी विचारावे. पण 'काळे म्हणजे वाईट' ही समजूत आपण टाकून द्यावी.

आता एक कबुली देतो. १९८८ साली मीही आबांच्याच ओतशाळेत लागलो. पहिल्या पगाराच्या दिवशी घरी मटण झाले. जेवणे उरकल्यावर आईला मदत करायची म्हणून मी ते पातेले, अजून चुलीच्या आचेने चटका देणारे, उचलून मोरीत ठेवले आणि त्यात घागरीतले गार पाणी ओतले. टण्ण असा आवाज झाला. काठापासून बुडापर्यंत चीर गेली. आई काही बोलली नाही. आबा म्हणाले, "अरे लेका, ओतलेल्या जिनसेला घाई सोसत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेले पिशवीत घालून कारखान्यात नेले आणि मोडीच्या ढिगावर टाकले. संध्याकाळच्या भट्टीत ते वितळले. बिडाचे हे बरे असते. फुटले तरी त्याला पुन्हा जन्म आहे.

आबांना तो नव्हता. त्या सुमारासच त्यांना धाप लागू लागली. साच्याची वाळू बारीक असते. कास्टिंग बाहेर काढताना, ते घासताना तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतो आणि तेथे व्रण करतो. याला सिलिकोसिस म्हणतात. गेलेली जागा परत येत नाही. आबांच्या कागदांवर मात्र आधी दमा लिहिले गेले, मग क्षय. वाळू हा शब्द कुठेही नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळविण्याजोगा ठरविला होता. पण रोगाला त्याच्या नावाने हाक मारली तरच तो कळवला जाणार! नाव नाही म्हणून भरपाई नाही. १९९६ साली आबा गेले. त्या कारखान्याचे नाव मी घेत नाही. एका नावावर बोट ठेवून आपण घरी निश्चिंत जावे, हे मला नको आहे.

त्यानंतर मी संघटनेच्या कामाला लागलो. आमच्या पहिल्या मागणीपत्रात पगारवाढ चौथ्या क्रमांकावर होती. पहिली तीन कलमे अशी : घासण्याच्या जागी धूळ ओढून घेणारा पंखा, झाडण्याआधी जमिनीवर पाणी, आणि दरवर्षी छातीची क्ष-किरण तपासणी, जिचा अहवाल कामगाराच्या हातात मिळेल. काही ठिकाणी हे मिळाले, काही ठिकाणी अजून भांडतो आहोत. यात न परवडण्यासारखे काय आहे, ते मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. झाडण्याआधी पाणी शिंपडायला बादलीच लागते.

बंधुभगिनींनो, एकेकाळी घरात स्टील आले तेव्हा आपण बिडाची भांडी गरिबीची खूण म्हणून मोडवाल्याला वजनावर दिली. आज तीच भांडी शहरांतल्या मोठ्या दुकानांत मानाने परत आली आहेत. ती जरूर घ्या. घेताना जाडी सगळीकडे सारखी आहे का पाहा, बोटाने वाजवून पाहा. खणखणीत वाजले तर चीर नाही. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा : हे ज्याने ओतले, त्याच्या छातीची तपासणी होते का? त्याला उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो माल पाठवणाऱ्याला विचारील, आणि तो ओतशाळेला. आम्ही आतून विचारतोच आहोत. बाहेरून कोणी विचारले तर आमचा आवाज दुप्पट होईल.

बिडाचे भांडे टिकते ते रोज मिनिटभर कोणी तरी त्याला कोरडे करून ठेवते म्हणून. माणसाच्या बाबतीत याहून मोठे तत्त्वज्ञान मला ठाऊक नाही. रोगी झाल्यावर लाखाची भरपाई मागण्यापेक्षा रोज बादलीभर पाणी शिंपडलेले बरे. भांडे फुटले तर पुन्हा ओतता येते. मोल्डर पुन्हा ओतता येत नाही.