परिमिती आणि पेरिमीटर: एका धुऱ्यावरचे दोन शब्द

तुमच्यातले बरेच जण आत्ता एसटीत असाल, नाहीतर अभ्यासिकेच्या पायरीवर. मी नांदगाव पेठहून बोलतोय. आज गोष्ट इंग्रजी शब्दांची, आणि माझ्या एका नापाशीची.

दोन वर्षांपूर्वी मी रोज अमरावतीला अभ्यासाला जायचो. बॅगेत अवघड इंग्रजी शब्दांची ए टू झेड यादी. 'पी'पर्यंत पोचलो आणि गाडी अडकली. पेरिमीटर, पेरिफरी, पेरिस्कोप, पेरिपॅटेटिक. सगळ्यांची सुरुवात सारखीच! सकाळी पाठ, संध्याकाळी घोळ. परीक्षेत अशाच शब्दांवर अंदाजानं गोल काळे केले. निगेटिव्ह मार्किंगनं घात केला, थोडक्यात हुकलं. बाबा एवढंच म्हणाले, "काहून रे, वर्षभर पाठ काय केलं मंग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग एक दिवस शेजारची पोरगी गणिताचं पुस्तक घेऊन आली. "दादा, परिमिती म्हंजे काय?" मी म्हटलं, "वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं पूर्ण चक्कर मारून जेवढं माप भरते, ते परिमिती." आणि बोलता बोलताच थांबलो. परिमिती... पेरिमीटर!

हा योगायोग नाही बरं का. ग्रीकमधलं 'पेरि' आणि संस्कृतमधलं 'परि' हे चुलत भाऊ आहेत. दोघांचा अर्थ भोवती, सभोवार. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात भाषण करून मांडलं होतं. आपण तर शाळेत रोज परिपाठ केला, परिसर अभ्यास शिकलो. म्हणजे किल्ली खिशातच होती.

आता लावून बघा. पेरिस्कोप: पाणबुडीतून सभोवार बघायची नळी. पेरिफरी: कडेचा भाग, परीघ. पेरिकार्डियम: हृदयाभोवतीचं आवरण. पेरिफ्रसिस: सरळ न सांगता गोल गोल फिरवून बोलणं. आणि पेरिपॅटेटिक: कामासाठी ठिकठिकाणी फिरणारा. हा शब्द ॲरिस्टॉटलच्या शिष्यांना लावला जायचा. मी मात्र तो गाडगेबाबांवरून लक्षात ठेवतो. १८७६ साली आपल्याच जिल्ह्यात, शेंडगावात जन्मलेले बाबा हातात खराटा घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरले. आता विसरून दाखवा!

पेरिहीलियन थोडा वेगळा. पृथ्वी फिरता फिरता सूर्याच्या सगळ्यात जवळ येते तो बिंदू. मराठीत उपसूर्य. आणि हे घडतं जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीजवळ बसलेलो असतो तेव्हा! कारण थंडी-ऊन ठरतं पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे, अंतरामुळे नाही.

पण सावध राहा. 'पेरि' दिसलं की झडप घालू नका. पेरिल म्हणजे धोका, पेरिश म्हणजे नष्ट होणं. हे लॅटिनकडून आलेत, यांचा 'भोवती'शी संबंध नाही. पेरिविंकल म्हणजे आपली सदाफुली, तीही या घरातली नाही. किल्लीनं अंदाज बांधा, पण खात्री डिक्शनरीतच करा. मी तेच केलं नव्हतं.

परीक्षा पुन्हा दिलीय, निकाल यायचाय. तोवर तुमचं काम: 'परि'नं सुरू होणारे पाच मराठी शब्द शोधा आणि प्रत्येकात 'भोवती' लपलंय का ते बघा. सापडले की मला कळवा. भेटू पुढच्या भागात!