दीर्घायुष्य आणि शुश्रूषा : ताओ वैद्यकाकडून काय घ्यावे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त शनिवार पेठेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा कोणाला गुडघ्यावरचं औषध हवं असेल तर सभा संपल्यावर मला गाठू नये, ही पहिली विनंती. संयोजकांनी 'बौद्ध धम्म आणि चिनी वैद्यक' असा विषय सुचवला. तो मी लगेच स्वीकारला. त्याचं कारण घरातलं आहे, ते पुढे सांगतो.

चीनमध्ये ताओ नावाचा प्राचीन विचार आहे. ताओ म्हणजे मार्ग, सृष्टीची स्वाभाविक चाल. त्या चालीशी जुळवून घेत जगावं, ही त्यातली मुख्य शिकवण. चिनी वैद्यकावर या विचाराची दाट छाया आहे. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते, आणि यिन व यांग म्हणजे शीत-उष्ण, विश्रांती-हालचाल अशा जोड्यांचा तोल राहिला की माणूस निरोगी राहतो, असं ते वैद्यक मानतं. तोल गेला, प्रवाह तुंबला की आजार. आपल्याकडच्या वात-पित्त-कफाची आठवण तुम्हाला झालीच असेल.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला 'हुआंगदी नेइजिंग' हा या वैद्यकाचा आधारग्रंथ. आजार झाल्यावर धावणारा वैद्य खरा नव्हे, आजार होण्याआधी सावध करणारा खरा, असं तो मानतो. गंमत पाहा, तहान लागल्यावर विहीर खोदू नये असं आपण म्हणतो. नेमका तोच दाखला तिथेही दिलेला आहे. ऋतू पाहून झोपणं-उठणं, बेताचं खाणं, राग आणि चिंता आवरणं, श्वासाकडे लक्ष देणं, अंगाला हालचाल देणं, ही त्यांची दीर्घायुष्याची साधनं. यात जादू काही नाही. आज येताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून आलो. सकाळी त्या बाजूला हात हलवत सावकाश चालणारी म्हातारी माणसं दिसतात. ती ताओ न वाचताच अर्धा ताओ आचरतात म्हणा ना!

आता या वैद्यकाचा आणि आपल्या धम्माचा संबंध. सातव्या शतकात चीनमध्ये सुन सिमियाव नावाचे थोर वैद्य होऊन गेले. त्यांचं निधन इ.स. ६८२ मधलं. ते ताओपंथी, पण बौद्ध विचार त्यांनी मोकळ्या मनाने घेतला. आजही चिनी माणूस त्यांना 'औषधींचा राजा' म्हणतो. त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या नावात 'हजार सुवर्णमुद्रा' असे शब्द आहेत, कारण माणसाचा एक जीव हजार सुवर्णमुद्रांहून मोलाचा असं त्यांचं म्हणणं. देह चार महाभूतांचा, प्रत्येक महाभूत बिघडलं की एकशे एक रोग, म्हणजे एकूण चारशे चार रोग, हा मूळ बौद्ध हिशेब त्यांच्या ग्रंथात आहे. शरीर चोळण्या-ताणण्याचे अठरा प्रकार त्यांनी भारतातले म्हणून नोंदवले आहेत. आणि वैद्याने रोग्याची श्रीमंती-गरिबी, प्रतिष्ठा, आपला-परका काही पाहू नये, सर्वांना आप्तासारखं मानावं, हा दंडक त्यांनी घालून दिला. जातीमुळे ज्यांना वैद्य शिवत नसत, त्यांच्या लेकरांना या दंडकाची किंमत वेगळी सांगायला नको.

याच सुन सिमियाव यांच्या लेखनात एक ओळखीचं नाव भेटतं: जीवक! बुद्धांवर उपचार करणारा आपला जीवक. तक्षशिलेत सात वर्षं शिकल्यावर आचार्यांनी त्याची परीक्षा घेतली. एका योजनाच्या परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असं सांगितलं. जीवक हिंडून रिकाम्या हाताने परतला. आचार्य म्हणाले, झालं तुझं शिक्षण. जगात निरुपयोगी असं काही नाही, हा विचार जीवकाच्या नावानेच चीनमध्ये पोचला. असे ग्रंथ तिकडे गेले म्हणूनच आपल्या पुण्याच्या प्रा. पु. वि. बापटांसारख्या पाली पंडितांना चिनी शिकावं लागलं. विनयावरच्या अट्ठकथेच्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी जपानी अभ्यासक हिराकावा यांच्यासह केलं आणि भांडारकर संस्थेने ते १९७० मध्ये प्रसिद्ध केलं.

निरुपयोगी काही नाही, याचा एक ताजा पुरावा देतो. चौथ्या शतकात को हुंग नावाचा ताओपंथी वैद्य होता. हाताशी ठेवायच्या उपायांच्या पुस्तकात त्याने तापावर चिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस द्यावा असं लिहिलं. सोळा शतकांनी, १९७१ मध्ये, थू यूयू या संशोधिकेने ते वाचलं. यात उकळायला सांगितलेलं नाही, मग उष्णतेने गुण जात असेल काय, असा विचार करून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. प्राण्यांवर तपासला, १९७२ मध्ये स्वतः घेऊन पाहिला, मगच रोग्यांना दिला. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या गडचिरोलीच्या जंगलात जीवघेण्या मलेरियाच्या रोग्याला गोळ्या मिळतात, त्यांत याच औषधाच्या कुळातलं औषध असतं.

पण मंडळी, नाण्याची दुसरी बाजूही आहे. याच को हुंगने अमर होण्यासाठी हिंगूळ आणि पारा यांपासून रसायन कसं करावं हेही लिहून ठेवलं. एका माणसाच्या लेखणीतून एक औषध निघालं, एक विष. तांग घराण्याच्या वूझोंग या सम्राटाने ८४५ मध्ये हजारो विहार पाडले, अडीच लाखांहून अधिक भिक्षु-भिक्षुणींची चीवरं उतरवली. त्याची श्रद्धा ताओपंथी रसायनांवर. दुसऱ्याच वर्षी, ऐन तिशीत, ती रसायनं घेता घेता तो मेला. अमर व्हायला निघालेला माणूस चाळिशीही पाहू शकला नाही.

त्याआधीची, सहाव्या शतकातली, एक कथा चिनी बौद्ध परंपरा सांगते. तानलुआन नावाचे भिक्षु एका सूत्रावर भाष्य लिहीत असता आजारी पडले. काम मोठं, आयुष्य तोकडं, म्हणून दक्षिणेत जाऊन त्यांनी एका ताओपंथी आचार्याकडून दीर्घायुष्याच्या पोथ्या मिळवल्या. परतताना भारतातून गेलेले बोधिरुची भेटले. तानलुआन यांनी विचारलं, बुद्धांच्या शिकवणीत याहून मोठं आयुष्याचं शास्त्र आहे का? बोधिरुचींनी त्यांना समजावलं, आयुष्य वाढवलंत तरी शेवट टळेल का? तानलुआन यांनी त्या पोथ्या जाळून टाकल्या. मला पोथ्या जाळणं पसंत नाही, इतिहासाचा मास्तर ना मी! त्यांत एखादा चिंगहावही असेल. पण प्रश्न मात्र बिनतोड होता.

आता घरातली गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंना मधुमेह होता, गुडघे धरले होते. कोणीतरी चिनी सुयांचा उपचार सुचवला. हा उपचार भारतात आणला तो १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. बसूंनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांचेच सहकारी. महाराष्ट्रात आज या उपचारासाठी कायदाही आहे. दादांना सुयांनी आराम पडला, हे मी खोटं सांगणार नाही. जिना चढू लागले. पण उपचार करणाऱ्याने पुढे सांगितलं, तुमची ची मोकळी झाली, आता इन्सुलिन सोडा. दादांनी सोडलं. आम्हाला सांगितलंही नाही. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी पाऊल कापावं लागलं.

त्यानंतर दादा सहा वर्षं जगले. वहिनी रोज त्यांची जखम धूत, पाय चोळत. एकदा ते मला म्हणाले, "अरे, सुईने मला फसवलं नाही. मला बरं व्हायची घाई झाली होती, तिनं फसवलं." हे वाक्य मी विसरू शकत नाही. मात्र माझा राग त्या उपचार करणाऱ्यावर अजून आहे. घाई रोग्याला असणारच, वैद्याला असता कामा नये.

म्हणून माझं सांगणं एवढंच. ताओ वैद्यकाने जिथे जगणं शिकवलं तिथे माणसं तगली; जिथे मरण चुकवण्याचा सौदा केला तिथे माणसं गेली. त्यांचा बेताचा आहार घ्या, श्वास घ्या, सावकाश हालचाल घ्या. सुया घ्यायच्या तर डॉक्टरांना सांगून घ्या, चालू औषध कोणाच्या शब्दावर बंद करू नका. ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तर आपल्याला कालामांना केलेल्या उपदेशापासून ठाऊक आहे.

आणि एक राहिलं. विनयात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्षु स्वतःच्या मलमूत्रात पडून होता, कोणी पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातलं, दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवलं. रोग्याची सेवा ती माझीच सेवा, असं त्यांनी संघाला सांगितलं. डॉ. कोटणीस बत्तीसाव्या वर्षी, १९४२ मध्ये, चीनमध्येच रोग्यांची सेवा करता करता गेले. ते आयुष्य आखूड होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या विहाराच्या आसपासच्या वाड्यांत कितीतरी म्हातारी माणसं एकटी राहतात. वर्धापनदिनी एक संकल्प करू या. आठवड्यातून एकदा अशा एका घरी जायचं, औषध घेतलं का विचारायचं, घटकाभर बसायचं. त्यांचं आयुष्य त्यामुळे वाढेल का, मला ठाऊक नाही. त्यांचा तो दिवस नक्की बरा जाईल.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम, नमो बुद्धाय!