जुनी बिल्डिंग, नवे स्टार

दौलताबादहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येत असेल, तर येऊ द्या. एप्रिलमध्ये इथे तो बंद करून रेकॉर्डिंग होत नाही.

फ्रिज, एसी घेताना आपण स्टार बघतो. तसेच स्टार अख्ख्या ऑफिस बिल्डिंगलाही मिळतात. ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, यांनी २००९ मध्ये ही योजना आणली. मला विचाराल तर ती नव्या काचेच्या टॉवरपेक्षा आपल्या जालना रोडवरच्या, सिडकोतल्या जुन्या बिल्डिंगांच्या जास्त कामाची आहे. कारण इथे मार्क डिझाइनला नाहीत, प्रत्यक्ष वापराला आहेत.

हिशोब सोपा आहे. वर्षभराचे युनिट भागिले चौरस मीटर. पार्किंग धरायचं नाही, जनरेटरची वीज धरायची. समजा ऑफिस ५,४०० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर. महिन्याला सरासरी ५,००० युनिट, वर्षाचे ६०,०००. उत्तर १२०. आपलं शहर उष्ण-कोरड्या पट्ट्यात येतं. निम्म्याहून जास्त जागेत एसी असेल, तर २००९ च्या तक्त्यात १२० ला तीन स्टार. पाच हवे असतील तर ८० च्या खाली यावं लागतं.

आता लेबलसाठी कनेक्टेड लोड निदान १०० किलोवॉट लागतो, त्यामुळे छोटी कॉम्प्लेक्स बाहेरच राहतात. राहू देत. भागाकार करायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक गंमत सांगतो. गच्चीवरच्या सोलरचे युनिट या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे पॅनल लावले की स्टार वाढणार, खाली फटीतून गार हवा बाहेर जात असली तरी! सोलर लावाच, पण आधी गळती बंद करा.

गळती शोधायची कशी? कोड स्लो असेल तर आपण आधी प्रोफायलर लावतो, अंदाजाने फंक्शन बदलत बसत नाही. इथे प्रोफायलर म्हणजे मीटर. ऑफिस बंद करताना मीटरचा फोटो काढा, सकाळी उघडताना दुसरा. रात्री कुणी नसताना किती युनिट गेले ते कळेल. मग एसी. बीईईच्या म्हणण्यानुसार सेटिंग एक डिग्री वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावून स्वेटर घालणारे आपल्याकडे कमी नाहीत.

मग गच्ची. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो. त्यावर पांढरा परावर्तक थर द्या, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली द्या. किल्ल्याच्या दगडी भिंतींत गारवा लागला की कुणीतरी म्हणतंच, पूर्वीचे लोक हुशार होते. होतेच. पण त्यांना चाळीस कॉम्प्युटर चालवायचे नव्हते.

मोठ्या कामाचं उदाहरण मुंबईत आहे. १९७२ चं गोदरेज भवन. २०१० मध्ये त्याची जुनी कूलिंग यंत्रणा बदलली, दिवे बदलले. खर्च वसूल व्हायचा काळ धरला होता पाच वर्षांपेक्षा थोडा कमी.

पाच वर्षं! खरी अडचण इथेच आहे. तिथे बिल्डिंग कंपनीची स्वतःची. आपल्याकडे मालक एक, भाडेकरू दुसरा. बिल भाडेकरू भरतो, म्हणून मालकाला गच्ची रंगवायची घाई नसते. आणि अकरा महिन्यांच्या करारावर बसलेला माणूस दुसऱ्याच्या स्लॅबवर पैसे कशाला घालेल? कोचिंग क्लास असो नाहीतर स्टार्टअप, मे महिन्यात बिल आलं की तो खोली बदलतो, आणि तापलेला स्लॅब पुढच्याच्या डोक्यावर येतो.

मला यातून एकच वाट दिसते: करार निदान तीन वर्षांचा करायचा, काम मालकाने करायचं आणि वाचलेल्या बिलातला ठरलेला हिस्सा भाड्यात जोडायचा. पण त्या बोलण्याला बसताना बारा महिन्यांची बिलं हातात हवीत, नाहीतर नुसता वाद होतो. महावितरणच्या ॲपमध्ये जुनी बिलं दिसतात. तुमचा आकडा काढा आणि कळवा. शंभरच्या खाली असेल तर बिल्डिंग किती जुनी आहे तेही लिहा.