जंतूंच्या विकरांची खतावणी



2023 साली आपल्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे नाव आले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली, आणि जुन्या दस्तांतले नावही जुनेच राहिले. ज्याला नोंदी धुंडाळायच्या, त्याला दोन्ही नावे ठाऊक हवीत. आमचा आजचा विषय नावे आणि नोंदी यांचाच आहे, म्हणून घरापासून आरंभ केला.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक लहानसे कडे असते; त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. ते शाबूत आहे तोवर औषधाचा मारा चालतो. काही जंतू असे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात की जे हे कडेच फोडते. 1940 साली अब्राहम आणि चेन यांनी असे विकर दाखवून दिले. त्या वेळी पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचलेही नव्हते! कुलूप बाजारात येण्यापूर्वीच किल्ली चोराच्या खिशात होती.

पुढे औषधे वाढली तशी विकरेही सापडत गेली, आणि त्यांची बारशी ज्याने त्याने आपल्या हौसेने केली. 'टेम' हे नाव अथेन्सच्या एका रुग्णाच्या नावावरून पडले, 'ऑक्सा' औषधावरून, 'व्हिम' इटलीतील व्हेरोना शहरावरून. अशाने एकाच वस्तूला दोन नावे पडायची, नाहीतर दोन वस्तूंना एकच. तेव्हा खतावणी आली. अँब्लर यांनी 1980 मध्ये घडणीवरून आरंभिलेल्या वर्गवारीत आज अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. ब वर्गातली विकरे जस्ताच्या बळावर काम करतात, बाकीची सेरीन या अमिनो आम्लाच्या. क्रमांक देण्याचे काम जेकबी आणि बुश यांनी अमेरिकेतील लाही क्लिनिकच्या संकेतस्थळावरून कित्येक वर्षे सांभाळले. 2015 मध्ये ते तेथील राष्ट्रीय जैवतंत्र माहिती केंद्राकडे गेले.

एका अमिनो आम्लाचा फरक पडला की नवा क्रमांक, गटाच्या पोटहिश्शासारखा. हा कारकुनी काटेकोरपणा वाटेल. परंतु टेम-1 पेनिसिलिन फोडते आणि सेफ्टाझिडीमपुढे हतबल ठरते, तर एकाच जागी बदललेले त्याचे भावंड सेफ्टाझिडीमही फोडू लागते. पोटहिस्सा चुकला तर इथे औषध चुकते.

आता ज्या नावाने आपल्याकडे वादळ उठवले ते. 2008 साली स्वीडनमध्ये, दिल्लीच्या रुग्णालयात राहून आलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या जंतूत ब वर्गातले नवे विकर आढळले. राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही ते निकामी करते. 2009 मध्ये त्याचे नाव छापले गेले: न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-1. 2010 मध्ये सरकारसह अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला. आम्हांला तो राग समजतो. शहराचे नाव रोगराईला चिकटवू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये रोगांच्या नावांबाबत तसेच सुचवले. पण त्या गदारोळात मुंबईची गोष्ट झाकली गेली. हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेमला दाद न देणारे 24 जंतू तपासले होते. 22 मध्ये एनडीएम-1 निघाले, आणि हे त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये छापलेही होते. नाव कोणी ठेवले यावर आपण भांडलो. 22 या आकड्यावर तितके बोललो नाही. नाव अजून तेच आहे, कारण ते बदलले तर मागचे सगळे निबंध निराधार होतील. एनडीएमची पुढची भावंडेही आता चाळिसांवर गेली आहेत.

एक गोष्ट सांगून थांबतो. या विकराचा नकाशा बहुधा प्लास्मिड नावाच्या सुट्या वलयावर असतो, आणि एका जातीचा जंतू तो दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊन टाकतो. त्यामुळे नावातले गाव हे जन्मगाव ठरत नाही, प्रथम नजरेस पडल्याची खूण ठरते. परांड्याच्या वा उमरग्याच्या रुग्णाने दुकानातून गोळ्या घेतल्या, बरे वाटताच सोडल्या, आणि लघवीची कल्चर तपासणी झालीच नाही, तर त्याच्या जंतूत काय होते ते कोणत्याच खतावणीत येत नाही. तपासणी झाली तर दोन-तीन दिवसांनी कागद हाती येतो. त्यावर औषधांच्या नावांपुढे 'एस' किंवा 'आर' लिहिलेले असते. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.