माता-बालकांचे संशोधन उंबऱ्यापासून



पोखर्णी म्हटले की परभणी जिल्ह्यात आधी नृसिंहाचे नाव ओठी येते. परभणी-परळी लोहमार्गावरच्या इथल्या स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. खांबातून प्रकटलेल्या देवाची कथा सगळ्यांना पाठ आहे. तिच्या आधीचा भाग मात्र आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे. हिरण्यकशिपू तपाला गेलेला असताना त्याची गरोदर पत्नी कयाधू संकटात सापडते. नारद तिला सोडवतात, आश्रमात नेतात आणि नवरा परत येईपर्यंत सांभाळतात. प्रल्हादाची घडण आईच्या पोटात असताना त्या आश्रमात सुरू झाली, असे भागवत सांगते. गरोदर बाईला तिच्या अडचणीच्या काळात आधार देणे हे समाजाचे काम आहे, ही समज या गावच्या दैवताच्या कथेतच आहे.

आज ते काम कितपत होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याचे दिसले. राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले. त्याच काळात देशाचे ९७ होते. ही कमाई मोठी आहे आणि तिच्यात समोर बसलेल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि परिचारिका भगिनींचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण चौथ्या फेरीत ५३.८ टक्के होते, ते ६८.९ वर गेले. बाई दवाखान्यापर्यंत पोचली. तिचे ताट, तिचे काम आणि तिचे लग्नाचे वय यांत मात्र पुरेसा बदल झाला नाही.

परभणीने तर मान खाली घालावी असा आकडा याच सर्वेक्षणात आहे. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि परभणी जिल्ह्यात ४८ टक्के.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहाच दिवस जगले. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. मराठी बाईने माता-बालकांच्या आरोग्याचा शास्त्रीय अभ्यास करण्याची सुरुवात अशी एका अल्पवयीन आईच्या घरातून झाली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी परभणीत अजून कोवळ्या मुली आया होत आहेत.

महाराष्ट्रातले जे संशोधन खरोखर उपयोगी पडले, ते घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन झालेले आहे. त्याचे पहिले नाव गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. तोवर सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसायची ती गरोदरपणात आणि कुटुंबनियोजनाच्या शिबिरात. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, त्रास सांगणाऱ्यांची आणि न सांगणाऱ्यांचीही. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के जणींची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. अंगावर पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीचा त्रास ही बाईच्या जातीला लागलेली साडेसाती मानून बायका गप्प बसत होत्या. त्या गप्प होत्या म्हणून रोग नाहीत असा समज वैद्यकाने करून घेतला होता. तो समज या अभ्यासाने मोडला.

पुढचा प्रयोग बाळांचा. गावात जन्मलेली बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती आणि दवाखाना दूर होता. मग 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करायचे, त्याला उबेत ठेवायचे, लवकर अंगावर पाजायला लावायचे, जंतुदोषाची लक्षणे ओळखायची आणि गरज पडल्यास इंजेक्शनही द्यायचे. इंजेक्शनच्या मुद्द्यावर अनेक तज्ज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण शेजारच्या तुलनेच्या गावांशी पडताळून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये देशाने आशांमार्फत घरोघर नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम स्वीकारला. दवाखान्यातून बाळ घरी आले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. या सभागृहातल्या ताईंनी हे दिवस तोंडपाठ केलेले आहेत. त्या फेऱ्यांचा उगम गडचिरोलीच्या झोपड्यांत आहे, हे त्यांना अभिमानाने ठाऊक असावे.

दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या सहा गावांचे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो होते. आपली बाळे हडकुळी, तरी त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्या वयातल्या मधुमेहाचे बीज इथे असू शकते, या विचाराने जगभरच्या संशोधकांचे लक्ष त्या गावांकडे गेले. गावकऱ्यांच्या कामाच्या दोन गोष्टी त्यातून निघाल्या. ज्या आया पालेभाज्या, फळे, दूध घेत होत्या त्यांची बाळे चांगली भरली. आणि शेतात राबणे, पाणी वाहणे असे जड काम गरोदरपणात ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची बाळे लहान निघाली.

हा दुसरा निष्कर्ष मराठवाड्याने पुन्हा पुन्हा वाचावा, कारण इथून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादम नवराबायकोला मिळून एक कोयता धरून उचल देतो. मग फडात मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहणे, रात्री गाडी भरणे आणि पहाटे कोपीत चूल पेटवणे. पोटुशी बाईही यातून सुटत नाही, कारण एक खाडा म्हणजे दंड. तिचे नाव आशाच्या रजिस्टरला गावात आणि ती तीनशे किलोमीटरवर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. गडचिरोलीच्या अभ्यासाला तीस वर्षे उलटल्यावरही बाईचे दुखणे वेळेवर कोणी विचारले नाही, हाच या आकड्याचा अर्थ आहे.

रक्ताच्या कमतरतेवर परभणीकडे स्वतःचे एक उत्तरही आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' ही ज्वारी विकसित केली आणि २०१८ मध्ये ती शेतकऱ्यांसाठी आली. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. हिच्यात ४५ आणि ३२. नगर जिल्ह्यात शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरीची भाकरी काही महिने खायला घालून झालेल्या अभ्यासात त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. मग परभणीची ज्वारी परभणीच्या गरोदर बाईला दिली तर काय होते, याचा अभ्यास याच जिल्ह्यातल्या गावांत झाला पाहिजे. बियाणे विद्यापीठात, रजिस्टर आशाकडे, ताट घरात. या तिन्हींना एकत्र आणणे फार खर्चाचे काम नाही. लोहाची गोळी घ्यायची राहून जाते, किंवा पोटात मळमळते म्हणून टाकून दिली जाते. भाकरी रोज खाल्ली जाते.

संशोधकांना एक कळकळीची विनंती. गावातून जी माहिती नेता, ती गावाला परत सांगा. ज्या बाईने रक्त काढायला हात पुढे केला, तिला तिचे हिमोग्लोबिन किती हे तिच्या भाषेत कळलेच पाहिजे. ग्रामसभेत पाणीपट्टी वाचली जाते, तशी गावातली जन्मवजने, बालमृत्यू आणि अठरा वर्षांआधीची लग्नेही नावे न घेता वाचली जावीत.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा हलतील. त्याआधी पोखर्णीच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक गावाने जाणाऱ्या गरोदर स्त्रियांची आणि लहान मुलांची यादी करावी, प्रत्येकीच्या हातात तिचे माता-बाल संरक्षण कार्ड द्यावे, आणि ज्या कारखान्याच्या हद्दीत ती जाणार तिथल्या आशाताईंना फोन करून तिचे दिवस कळवावेत. यंदाच्या हंगामापासूनच हे सुरू करा.