नांदेडची शाळा बरी की लातूरची?



मे महिन्यात माझे एक चुलते कंधार तालुक्यातल्या गावाहून घरी आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "नातीची पाचवी झाली. गावात पुढचा वर्ग नाही. पोरीला नांदेडला टाकावं का लातूरला? तू एवढा एम. ए. झालास, सांग की." खोली भाड्याने घ्यायची, चुलतीला पोरीजवळ ठेवायचे, त्यासाठी एक म्हैस विकायची, इतका हिशेब त्यांनी मनाशी करून ठेवला होता. हे जमले नाही तर पोर घरी बसणार, हेही त्यांनी सांगून टाकले.

मी विचारले, "काका, लातूरच का?" म्हणाले, "लातूर पॅटर्न हाय ना!"

इथेच आपली गफलत होते बघा. लातूर पॅटर्नचे नाव झाले ते दहावी-बारावीच्या निकालांनी, खाजगी संस्थांच्या मेहनतीने आणि शिकवण्यांच्या जोरावर. महानगरपालिकेच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गाशी त्याचा संबंध कितीसा? आपण शाळा जोखायला निघतो आणि जोखतो शहराची कीर्ती.

निजामी राजवटीत या मधल्या शाळेला 'वस्तानिया' म्हणत. शिकणे उर्दूतून, आणि शाळाही मोजक्याच. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण. लातूर मात्र १९८२ पर्यंत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, त्यानंतर सहावी-सातवीचे वर्ग गावोगाव वाढू लागले. आज या दोन्ही शहरांत महानगरपालिका आहे, पण तिच्या शाळेत पोर घालायचे म्हटले की पुष्कळ घरी नाक मुरडतात. शाळा आतून न पाहताच, बरं का.

मग तुलना करावी कशी? बहुतेक जण शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल विचारतात. समजा, एका शाळेची दहा मुले बसली आणि आठ पास झाली. दुसरीची चाळीस बसली, वीस पास झाली. पहिलीच्या फळ्यावर ऐंशी टक्के लिहिलेले दिसेल आणि दुसरीच्या फळ्यावर पन्नास. पण पहिलीने आपली तीस मुले घरीच बसवली असतील तर? म्हणून किती बसली ते आधी विचारावे, आणि सहावीत आलेल्यांपैकी आठवीच्या शेवटी किती उरली तेही. मुलींचा आकडा वेगळा मागावा.

आणखी एक. देगलूर-बिलोलीकडच्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, उदगीर-देवणीकडे कानडी, तांड्यावर गोरमाटी. असे पोर मराठी धडा अडखळत वाचते म्हणून त्याची शाळा वाईट ठरवणे हा अन्याय आहे. ते सहावीत कुठे होते आणि आठवीत कुठे पोचले, हे बघायला हवे. शिक्षक बंधुभगिनींना हे मी सांगायला नको. पण गावात आपणच हे बोलून दाखवले पाहिजे.

कायद्याचाही आधार घ्यावा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांना दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. शिवाय गणित-विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्र यांना किमान एकेक. एकच गुरुजी तिन्ही वर्गांना सारे विषय शिकवताहेत की काय, हे व्हरांड्यातून फेरी मारली तरी कळते. ही फेरी जूनमध्ये मारू नका, दिवाळीनंतर मारा. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर हजेरीपट खरे बोलतो.

आणि मुलींच्या संडासाला पाणी आहे का ते पाहा. हसू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. नांदेड गोदावरीच्या काठी. पण नदी जवळ असली म्हणून शाळेच्या नळाला पाणी येतेच असे नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळा सोडते, त्यामागे पुष्कळदा गणित नसते, हेच असते.

काकांना मी एवढे सांगितले आणि म्हटले, "आधी शेजारच्या मोठ्या गावची जिल्हा परिषदेची शाळा बघून या. गावात शाळेची सोय नसली तर पाचवीपासून पुढच्या मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो." ते जरा नाराज होऊनच उठले. शहरातल्या पुतण्याने शहराची वाट दाखवावी, अशी त्यांची अपेक्षा असावी.

जूनच्या शेवटी त्यांचा फोन आला. ते शाळेत स्वतः जाऊन आले होते. सहावीच्या पटावर एकेचाळीस, वर्गात अडतीस. गणिताच्या बाई पोरांना फळ्यापाशी बोलावून उदाहरणे सोडवून घेत होत्या. मुलींच्या संडासाला मात्र कुलूप होते. काकांनी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली. त्यांनी ती काढून दिली आणि तेव्हापासून ते कुलूप लागलेले नाही. नात सकाळच्या एस.टी.ने जाते. म्हैस अजून गोठ्यातच आहे.